आधी पाय, मग गदगा

चपला उंबऱ्याबाहेर काढा आणि मनगटावरचं घड्याळ खिशात टाका. साल १९०८ आहे, वडोदऱ्यावर सयाजीराव गायकवाडांचं राज्य आहे, आणि तुम्ही उभे आहात ते जुम्मादादांच्या व्यायामशाळेत. शाळेला नाव गुरूचं, कारभार शिष्याचा. शिष्य म्हणजे गजानन यशवंत तांबे. पण त्या नावाने विचारलंत तर लोक क्षणभर विचारात पडतील. प्रोफेसर माणिकराव म्हणा.

बाहेर अजून पुरतं उजाडलेलं नाही आणि आत जोर-बैठका सुरूसुद्धा झाल्या आहेत. घामाचा, तेलाचा, ओल्या मातीचा वास येतो. या पोरांतच जगन्नाथ गणेश गुणे नावाचा पंचविशीचा तरुण आहे. पुढे तो स्वामी कुवलयानंद होईल, १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढेल. आज त्याला ते ठाऊक नाही, आणि तुम्ही सांगू नका.

तुमचं लक्ष भिंतीकडे लागलेलं आहे. तिथे फरी-गदगे टांगलेत. गदगा म्हणजे चामडं मढवलेली काठी, फरी म्हणजे छोटी ढाल. तलवारीचे हात मुलं यावरच शिकतात. हात पुढे करताच एक थोरला विद्यार्थी तुमचं मनगट धरतो. “अरे, आधी उभं तर राहा नीट!”

मग पवित्रा. डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे सैल, भार मागच्या पायावर. सोपं वाटतं ना? आता पुढे सरका. पाय उचलायचा नाही, चवडा मातीला धरूनच न्यायचा. मागच्याने पुढच्याची जागा खायची नाही. पायात पाय तर कधीच येऊ द्यायचा नाही. डोकं वरखाली झालं की समजा, वजन चुकलं. वळायचं ते चवड्यावर, आणि कंबर आधी, खांदा मागाहून. तीन पावलांत मांड्या भरून येतात, पाचव्याला तुम्ही खाली मान घालून पायांकडे बघता आणि तिथेच अडखळता. आयुष्यभर चालत आलेल्या माणसाला चालता येत नाही, हे पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांसमोर कळावं!

ही फजिती एकट्या वडोदऱ्याची नाही, एवढाच दिलासा. याच सुमारास तिकडे पेकिंगमध्ये तुंग हाय-छुआन या गुरूचे चेले नवशिक्यांना बागुआ ही युद्धकला शिकवताना एका वर्तुळाभोवती नुसतं चालायला लावताहेत. पाऊल चिखलातून ओढावं तसं, तळवा जमिनीला समांतर ठेवून. तुंग १८८२ साली वारले, वर्तुळ चालूच आहे. वडोदरा आणि पेकिंग, दोघांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. तोल शिकवायचा तर दुसरा रस्ताच नसावा, असं मला वाटतं.

तुम्ही आलात त्या काळात हे सगळं पुस्तकात मिळतं, असा तुमचा एक गुप्त आधार आहे. खरंच आहे: दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदारांनी याच वडोदऱ्यातून १९३६ ते १९४९ या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, आणि त्या कामापुढे कुणीही मान लववावी. पण चित्रात पाय इथे असतो आणि पुढच्या चित्रात तिथे. मधे तो कसा गेला, भार कधी बदलला, श्वास कुठे सुटला, हे दोन चित्रांच्या मधल्या कोऱ्या जागेत राहून जातं. ती जागा भरायला माणूसच लागतो, आणि शक्यतो चिडका.

इथला चिडका माणूस, म्हणजे मघाचा तो थोरला विद्यार्थी, आता एका बारा वर्षांच्या मुलाला गदगा देऊन तुमच्यासमोर उभा करतो. तुमचे हात रिकामे. “मारायचं नाहीस तू. फक्त सरकायचं. आणि खाली बघायचं नाही, त्याच्या छातीकडे बघ.”

पहिला वार तमाचा, सरळ कानशिलाजवळ. पोरगं चामडं फक्त टेकवतं, पण अख्खी शाळा ऐकते. दुसरा बाहेरा, दुसऱ्या अंगाने. तोही बसतो. पुन्हा तमाचा, पुन्हा बाहेरा. मांड्या थरथरायला लागल्यात, आता विचार करायला त्राण नाही. आणि पुढच्या तमाच्याला तुमचा मागचा पाय तुम्ही न सांगताच सरकतो, गदगा नाकासमोरून हवेत जातो. तुम्ही हसता. मुलगा हसत नाही, थांबतही नाही. त्याचा पुढचा हात डोक्यावर यायला निघालेला आहे.