लागलंच नाही, मग कार्ड कशाला?

परवा तालुक्याच्या मैदानावर फुटबॉलची मॅच बघत होतो. बचावपटू बुटाचे खिळे पुढे करून घसरत आला. समोरच्या पोराने ऐनवेळी उडी मारली म्हणून पाय वाचला. पंचांनी पिवळं कार्ड काढलं आणि सगळं पब्लिक ओरडलं, "अहो, लागलंच नाही!" शेजारचे काका तर पंचांच्या खानदानापर्यंत पोचले.

मंडळी, मी पंचांच्या बाजूने आहे. त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

२३ जुलै १९६६. वेम्बली, वर्ल्ड कपची उपांत्यपूर्व फेरी, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला पहिल्याच हाफमध्ये बाहेर काढलं. लाथ घातली म्हणून नव्हे, सतत हुज्जत घातली म्हणून! पंचांना स्पॅनिश येईना, रातीनला जर्मन. तो दुभाषा मागत राहिला, मैदान सोडेना. खेळ कितीतरी मिनिटं ठप्प. शेवटी पंचांचे प्रमुख केन ॲस्टन समजूत काढायला मैदानात उतरले. त्याच मॅचमध्ये चार्लटन बंधूंना ताकीद मिळाल्याचंही लोकांना पेपरातून कळलं. (आम्हा पेपरवाल्यांचा तेवढाच उपयोग.)

नंतर लंडनमध्ये गाडी चालवताना ॲस्टन यांना सिग्नल लागला. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. भाषेची गरजच नाही! १९७० च्या मेक्सिको वर्ल्ड कपमध्ये कार्डं आली. म्हणजे ज्या भांडणातून कार्ड जन्मलं, त्यात बाहेर गेलेल्या माणसाला शिक्षा धक्क्याची नव्हतीच. आणि सिग्नलचा पिवळा दिवा काही अपघात झाल्यावर लागत नाही.

नियमही तेच सांगतो. लाथ मारणं जसा गुन्हा, तसा मारण्याचा प्रयत्नही. समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता घुसलात तर पिवळं. नुसती वाट अडवली, अंगाला अंग लागलं नाही, तर इनडायरेक्ट फ्री किक. तिथे कार्ड काढायची घाई नको, हे मलाही मान्य.

लोकांना भीती नाटक्यांची आहे, आणि ती खोटी नाही. २००२ मध्ये तुर्कस्तानच्या उन्सालने मारलेला बॉल रिवाल्डोच्या पायाला लागला आणि हा गडी तोंड धरून कोसळला. उन्साल दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर! रिवाल्डोला फिफाने नंतर दंड केला, पण मॅच तर गेलीच ना. तरी लक्षात घ्या, स्पर्श झाला तरच कार्ड असं ठरवलं तर नाटकं वाढतील. उडी मारून वाचणारा पोरगा उद्या पाय तिथेच ठेवेल.

मॅच संपल्यावर त्या पोराला गाठलं. म्हणाला, "सर, मागच्या वर्षी उडी मारायला उशीर झाला होता." मोजा खाली करून त्याने नडगीवरचे टाके दाखवले.