मॅक्सवेलचे छत्तीस चौरस

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी निर्वात नळ्या, मग ट्रान्झिस्टर, मग चिप. पण चिपच्या आराखड्याशी निगडित एका आकडेमोडीचा माग काढत मी मागे गेलो, तेव्हा पोचलो अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये, एका अबोल संशोधकाच्या अप्रकाशित कागदांपाशी.

ही आकडेमोड विद्युत्‌धारितेची आहे. धातूच्या वस्तूचा विभव, म्हणजे तिच्यातला विजेचा दाब, ठरावीक प्रमाणात वाढवायला किती विद्युत्‌भार लागतो, याचे माप म्हणजे धारिता. गोलासारख्या मोजक्या आकारांसाठी तिचे नेमके सूत्र मिळते. साधा चौकोनी पत्रा घेतला, तर मात्र असे सूत्र हाती लागत नाही.

हेन्री कॅव्हेंडिश (1731–1810) यांनी 1770च्या दशकात हे माप प्रयोगाने घेतले. 12.1 इंच व्यासाचा गोल हे त्यांचे परिमाण. तबकड्या, चौकोनी पत्रे, तारा यांची तुलना ते त्या गोलाशी करत. दोऱ्यांना टांगलेल्या भेंडाच्या दोन गोळ्या एकमेकींपासून किती दूर सरकतात, एवढेच त्यांचे साधन. तरीही गोलाची धारिता तेवढ्याच व्यासाच्या तबकडीच्या 1.57 पट असते, असे त्यांना आढळले. सिद्धांतानुसार ही संख्या पायची निम्मी, म्हणजे 1.5708 आहे! 1849 मध्ये प्लिमथ येथे विल्यम थॉमसन यांनी (पुढचे लॉर्ड केल्व्हिन) ही हस्तलिखिते पाहिली, तेव्हा हा आकडा बघून ते चकित झाले. कॅव्हेंडिश यांनी हे काही छापलेच नव्हते.

1874 मध्ये हे कागद केंब्रिजला जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याकडे आले. आयुष्याची शेवटची पाच वर्षे त्यांनी या संपादनाला बराच वेळ दिला. ग्रंथ 1879 मध्ये निघाला आणि त्याच वर्षी 5 नोव्हेंबरला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मॅक्सवेल गेले. एवढ्या प्रतिभेच्या माणसाने दुसऱ्याची टिपणे निस्तरण्यात वेळ घालवला, अशी हळहळ व्यक्त होते. मला ती पटत नाही, आणि त्याचे कारण त्या ग्रंथातल्या मॅक्सवेल यांच्या एका टिपेत आहे.

कॅव्हेंडिश यांच्या चौकोनी पत्र्याचे माप पडताळायला सूत्र नव्हते. मॅक्सवेल यांनी चौरसाचे 36 सारखे तुकडे कल्पिले. प्रत्येक तुकड्यावर एक अज्ञात भार मानला आणि प्रत्येक तुकड्याच्या मध्यावर विभव सारखाच आला पाहिजे, अशी अट घातली. चौरसाच्या सममितीमुळे 36 अज्ञातांपैकी वेगळे फक्त 6 उरतात. उत्तर आले बाजूच्या 0.3607 पट. आज संगणकाने काढलेले मूल्य 0.3667 आहे, म्हणजे कागद-लेखणीने केलेल्या या हिशेबात चूक दोन टक्क्यांहूनही कमी.

चिपला याची गरज का पडावी? चिपमधली प्रत्येक धातूची तार संदेश पोचवण्याआधी विद्युत्‌भाराने भरावी लागते. तिचा रोध आणि धारिता यांच्या गुणाकारावर विलंब ठरतो. एका मायक्रॉन लांबीच्या तारेची धारिता साधारण 0.2 फेम्टोफॅरड, म्हणजे फॅरडच्या एक हजार अब्जांश भागाच्याही हजाराव्या हिश्शाच्या आसपास. पण तारा असंख्य असतात. सुरुवातीच्या चिपमध्ये तारा रुंद होत्या, तेव्हा तार आणि तिच्या खालचा थर यांना समांतर पत्रे मानून, क्षेत्रफळावरून हिशेब उरकता येई. तारा अरुंद झाल्या. उंची त्या मानाने घटली नाही. तार शेजारणीच्या अधिकाधिक जवळ आली आणि दोघींच्या कडांमधली धारिता खालच्या थराशी असलेल्या धारितेला मागे टाकू लागली. शेजारच्या तारेतला संदेश हिच्या संदेशात ढवळाढवळ करू लागला. आता एका तारेची धारिता हा तिचा एकटीचा गुण उरला नाही.

मग मॅक्सवेल यांचीच रीत कामी आली. 1973 मध्ये आयबीएममधल्या अल्बर्ट रुहली आणि पिअर्स ब्रेनन यांनी अनेक वाहकांच्या पृष्ठभागांचे तुकडे पाडून त्रिमितीत धारिता काढण्याची कार्यक्षम पद्धत मांडली. अडचण संख्येची होती. 10,000 तुकडे घेतले, तर प्रत्येकाचा प्रत्येकावर होणारा परिणाम मांडायला 10 कोटी संख्या लागतात. तुकडे दुप्पट केले की त्या चौपट होतात, आणि नेहमीच्या रीतीने उत्तर काढण्याचे कष्ट आठपट.

यातून वाट काढली ती 1987 च्या लेस्ली ग्रीनगार्ड आणि व्लादिमिर रोखलिन यांच्या बहुध्रुव पद्धतीने. दिवाळीत घाटमाथ्यावरून खालचे दूरचे गाव पाहिले, तर एकेक पणती दिसत नाही, एकच उजेड दिसतो. आपल्या आळीतल्या पणत्या मात्र वेगवेगळ्या मोजता येतात. तसेच दूरच्या तुकड्यांच्या समूहाचा परिणाम एकत्र धरायचा, जवळच्यांचा स्वतंत्र. 1991 मध्ये एमआयटीच्या कीथ नेबर्स आणि जेकब व्हाइट यांनी या विचारावर ‘फास्टकॅप’ ही आज्ञावली रचली. कष्ट आता जवळजवळ तुकड्यांच्या संख्येच्याच प्रमाणात वाढू लागले. पाठोपाठ 1992 मध्ये ल कोझ आणि आयव्हरसन यांनी तुकडेच टाळले. तारेभोवतीच्या एका बिंदूपासून वाहकरहित जागेत यदृच्छेने उड्या मारत, कुठल्यातरी वाहकाला लागेपर्यंत जायचे, आणि अशा असंख्य प्रवासांची सरासरी काढायची. यात चूक निम्मी करायला प्रवास चौपट लागतात.

अख्खी चिप या रीतींनी सोडवणे आजही महाग पडते. म्हणून तारांच्या नेहमीच्या रचना आधीच अचूक सोडवून कोष्टके करतात, आराखड्यात तशी रचना दिसली की त्यातला आकडा उचलतात, आणि नाजूक तारांपुरताच पूर्ण हिशेब करतात.

हा सारा प्रवास मॅक्सवेल यांच्यापासून थेट वारशाने आला, असा माझा दावा नाही. पण मला जाणवते ते असे: या इतिहासातली प्रत्येक मोठी पायरी केवळ वेगवान यंत्राने नव्हे, तर कुठे कष्ट करायचे आणि कुठे वाचवायचे, या निवडीने गाठली. ती निवड मॅक्सवेल यांनी 36 या आकड्यात केली होती. ज्या संपादनावर त्यांचा वेळ वाया गेला असे म्हणतात, त्याच्याच एका टिपेत ती छापून ठेवलेली आहे.