नेटवर्कमधला प्रत्येक जण फिरत असेल, तर मेसेज पोहोचतो कसा?

केनियातल्या माळरानावर चरणारा एक झेब्रा. गळ्यात पट्टा, पट्ट्यात जीपीएस आणि छोटा रेडिओ. आसपास मोबाइलचं नेटवर्क नाही. मग तो कुठे कुठे फिरला, हे संशोधकांना कळणार कसं?

अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या ‘झेब्रानेट’ प्रकल्पासमोर हाच प्रश्न होता. जानेवारी २००४ मध्ये त्यांनी केनियातल्या स्वीटवॉटर्स इथे झेब्र्यांना असे पट्टे बांधले.

अडचण नेमकी काय?

नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला ‘नोड’ म्हणतात. झेब्र्याचा पट्टाही एक नोडच. अशा नेटवर्कमध्ये सगळे निर्णय घेणारा मुख्य संगणक नसतो. प्रत्येक नोड शेजाऱ्यांना विचारून आपल्यापुरतं ठरवतो. हाच वितरित अल्गोरिदम.

नोड जागेवर असतील तर हे छान चालतं. पण ते फिरू लागले की शेजारी बदलतात आणि माहिती शिळी होते. ‘अ’ला वाटतं रस्ता ‘ब’कडून जातो, ‘ब’ला वाटतं ‘अ’कडून. मेसेज दोघांमध्येच फिरत राहतो!

यावर चार्ल्स पर्किन्स आणि प्रवीण भागवत यांनी १९९४ मध्ये एक उपाय मांडला. ज्याच्यापर्यंत पोहोचायचं, तो नोड स्वतःबद्दलच्या माहितीला क्रमांक देतो. मोठा क्रमांक म्हणजे ताजी खबर. जुनी सोडून द्यायची. त्यामुळे मेसेजचं गोल फिरणं थांबतं. पण बदलाची खबर पोहोचेपर्यंत पुन्हा बदल झाला, तर? मग नोडची बॅटरी रस्ते शोधण्यातच संपते.

झेब्र्यांनी काय केलं?

तिथे तर बहुतेक वेळा रस्ताच नव्हता. म्हणून तो शोधायचा नाही, असं ठरलं. दोन झेब्रे जवळ आले की पट्टे एकमेकांना नोंदींच्या प्रती देतात. संशोधकांची गाडी त्यातल्या एकाजवळ पोहोचली, तरी इतरांच्याही नोंदी हाती लागतात. म्हणजे जे फिरणं अडचण होतं, तेच टपाल झालं. हे फुकट नाही: प्रती साठवायला जागा लागते, रेडिओला वीज लागते (पट्ट्यांवर सौर पॅनेल होते) आणि उशीर तर होतोच.

झेब्र्याच्या नोंदी दोन दिवसांनी आल्या तरी बिघडत नाही. पण पुढच्या गाडीनं करकचून ब्रेक दाबल्याचा इशारा मागच्या गाडीला क्षणात हवा. म्हणून वाहनांच्या नेटवर्कमध्ये गाड्या रस्ता शोधत बसत नाहीत. आपली जागा आणि वेग आसपासच्या सगळ्यांना थेट कळवतात, तेही सेकंदातून अनेकदा.