संगणकनिर्मित अश्लील चित्रे आणि बालकांचे संरक्षण : कायदा काय सांगतो?

एखाद्या शाळकरी मुलीच्या साध्या छायाचित्रावरून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने अश्लील चित्र बनविणे आता काही क्षणांचे काम झाले आहे. ‘चित्र खोटे आहे, मग गुन्हा कसला?’ असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. त्याचे उत्तर भारतीय कायद्यात आहे आणि ते प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, अर्थात ‘पॉक्सो’, १४ नोव्हेंबर २०१२ रोजी अमलात आला. १८ वर्षांखालील मुलगे व मुली या दोहोंना त्याचे संरक्षण आहे. २०१९ च्या दुरुस्तीने बालकांच्या अश्लील चित्रणाची व्याख्या अधिनियमात समाविष्ट केली. खऱ्या बालकापासून वेगळे ओळखता न येणारे संगणकनिर्मित चित्र, तसेच फेरफार करून बालकाचे भासविलेले चित्रही तीत येते.

माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६७ ब नुसार असे साहित्य तयार करणे, शोधणे, पाहणे, उतरवून घेणे व पसरविणे हा अपराध आहे. पहिल्या अपराधास ५ वर्षांपर्यंत कारावास व १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बालकाला लैंगिक हेतूने ऑनलाइन भुलविणेही याच कलमाखाली येते.

सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. असे साहित्य नष्ट न करता वा न कळविता जवळ ठेवणे हेही ‘पॉक्सो’च्या कलम १५ खाली गुन्हा ठरू शकते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘मी कोणास पाठविले नाही’ एवढा बचाव त्यामुळे पुरेसा नाही.

अपराधाची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळविणे कलम १९ नुसार बंधनकारक आहे. ‘घराण्याची अब्रू’ म्हणून गप्प राहणाऱ्या प्रौढास शिक्षा होऊ शकते. पीडित बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास प्रसारमाध्यमांना मनाई आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. साहाय्यासाठी १०९८ ही बाल मदतवाहिनी आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर अशा प्रकरणी नाव न देताही तक्रार करता येते.

असे चित्र आपल्या भ्रमणध्वनीवर आले, तर ‘इतरांना सावध करावे’ या सद्हेतूनेही ते पुढे पाठवू नये. कोणाकडून व केव्हा आले याची नोंद करून तत्काळ पोलिसांकडे जावे. मुलाला मात्र प्रथम धीर द्यावा. दोष त्याचा नाही.