हिंदुरावांच्या मुलखात

दौंडहून सुटलेली बारामतीची गाडी तुम्हाला उतरवते ती १९७६च्या माघात. पुढं इंदापूरच्या रस्त्यानं उसाच्या बैलगाड्या चालल्यात; एखादीवर बसून घ्या. भवानीनगर जवळ आलं की मळीचा उग्र वास नाकात शिरतो. छत्रपती कारखान्याचा हंगाम ऐन भरात आहे.

गाडीवान सांगतो, पलीकडच्या गावात जत्रा आहे, तंबूत 'सामना' लागलाय. तिकीट काढा, बारदान अंथरा, बसा. मधोमध दोरी बांधलेली. अल्याड गडी माणसं, पल्याड बाया. तंबूमागं इंजिन धडधडतंय.

पडद्यावर हिंदुराव धोंडे-पाटील येतात आणि बिड्या विझतात. निळू फुले आवाज चढवत नाहीत. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, शब्द संथ, ओठांच्या कडेला हसू. डॉ. लागूंचा दारुडा मास्तर बेपत्ता मारुती कांबळेविषयी विचारत राहतो, तेव्हा हिंदुरावांच्या अदबीतच धमकी ऐकू येते. शेजारचा सभासद शेतकरी मान डोलावतो. असा माणूस त्यानं कारखान्याच्या वार्षिक सभेत समोरासमोर पाहिलेला आहे. म्हणून मला वाटतं, हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या स्पर्धेत गेला तरी त्याचे खरे परीक्षक इथं मातीत बसलेत. तेंडुलकरांनी लिहिला, जब्बार पटेलांनी केला. आणि हे जब्बार म्हणजे तुम्ही गाडी धरलीत त्या दौंडचेच डॉक्टर.

दोरीपल्याड एक म्हातारी कडाकडा बोटं मोडते. "मेल्याचं वाटोळं होईल!" हा तळतळाट निळूभाऊंनी आयुष्यभर झेलला. नटाला याहून मोठी पावती मी तरी पाहिलेली नाही.

ती कुणाविषयी बोलते आहे ते तिला दाखवायचं तर आणखी मागं चला. पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत एक तरुण माळी झाडांना पाणी घालतोय. पगार ८० रुपये, त्यातले १० राष्ट्र सेवा दलाला. पुढं सेवा दलाचं कलापथक, 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य, मग १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'तला झेलेअण्णा. १९७२ साली रंगमंचावर 'सखाराम बाइंडर'. गावोगाव वग रंगवताना समोरचं माणूस कुठं दचकतं हे ज्यानं रोज पाहिलं, त्याला कॅमेऱ्यासमोर ओरडायची गरज उरली नसावी.

आता १९७९. 'सिंहासन'. तोच चेहरा, पण धोतर-टोपी गेली. शर्ट-पँटीतला पत्रकार दिगू टिपणीस मंत्रालयाच्या राजकारणात गुरफटत जातो. इथं तो कुणावर हुकूम करत नाही, नुसता बघतो, आणि बघता बघता आतून मोडतो. हिंदुरावांच्या बेरकी डोळ्यांत एवढी हतबलता मावते, हे पाहताना अंगावर काटा येतो. १९८४ साली हिंदीत, महेश भट्ट यांच्या 'सारांश'मध्ये पुन्हा दहशतीचा राजकारणी, गजानन चित्रे. मराठी पाटलाला मुंबईची हवा लागली तरी जरब तीच.

आणखी थोडं पुढं गेलात, तर 'लग्नाची बेडी'च्या दौऱ्यात निळूभाऊ आणि लागू एकाच गटात दिसतील. प्रयोगांचा पैसा सामाजिक कृतज्ञता निधीत जातोय, पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या मानधनासाठी.