मलाजखंड ते मक्का: हजला जायचे मार्ग, खर्चाचा हिशेब आणि फॉर्म भरण्याआधी ठरवायच्या गोष्टी

मलाजखंड हे तांब्याच्या खाणीचं गाव. जिल्हा बालाघाट, राज्य मध्य प्रदेश. पण मोठा दवाखाना असो की विमानतळ, इथल्या माणसाची वाट बहुतेक वेळा गोंदिया-नागपूरकडेच वळते. हजच्या प्रवासातही तेच होतं. अर्ज भोपाळच्या राज्य हज कमिटीमार्फत जातो आणि जवळचं विमानतळ मात्र शेजारच्या राज्यात असतं. त्यामुळे विमान कुठून धरायचं, हा प्रश्न बालाघाट, बैहर, वारासिवनीच्या हाजींना भोपाळ-इंदूरवाल्यांपेक्षा जास्त छळतो. सीमेपलीकडे गोंदिया, भंडारा आणि छत्तीसगडच्या राजनांदगाव भागातल्या लोकांचीही अडचण साधारण अशीच आहे. हा निर्णय फॉर्म भरतानाच घ्यावा लागतो. नंतर तो बदलून मिळेलच याची खात्री नसते.

आधी जहाज, आता विमान

घरातल्या जुन्या माणसांना आठवत असेल, पूर्वी हज म्हणजे मुंबई आणि मुंबई म्हणजे जहाज. रेल्वेने मुंबईला जायचं, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात थांबायचं आणि मग मोगल लाइनच्या जहाजाने जेद्दा गाठायचं. समुद्रावर आठवडा किंवा त्याहून जास्त दिवस जायचे. 'अकबर' हे त्यातलं शेवटच्या काळातलं नावाजलेलं जहाज. १९९५ नंतर जहाजाने हज बंद झाली. २०१८ मध्ये जलमार्ग पुन्हा सुरू करण्याची चर्चा झाली, भारत आणि सौदी सरकारमध्ये बोलणीही झाली, पण जहाज काही सुटलं नाही. म्हणून आज कोणी स्वस्तात जहाजाने नेतो म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

विमान कुठून धरायचं?

हज कमिटी ऑफ इंडिया दरवर्षी उड्डाणस्थळांची यादी जाहीर करते. नागपूर, भोपाळ, इंदूर आणि मुंबई ही नावं अलीकडच्या वर्षांत या यादीत दिसली आहेत. नागपूरहून विदर्भासोबत छत्तीसगड आणि मध्य प्रदेशच्या दक्षिण भागातले हाजीही जातात. पण यादी कायमची नसते. कोविडनंतर २०२२ मध्ये देशभरात फक्त १० उड्डाणस्थळं होती. त्यात नागपूर नव्हतं, भोपाळ-इंदूरही नव्हतं. त्यामुळे मागच्या वर्षी शेजारी कुठून गेले, यावर विसंबू नका. चालू वर्षाची यादी बघूनच फॉर्म भरा.

*नागपूर:* मलाजखंडहून बैहर मार्गे बालाघाट ९० किलोमीटरच्या आसपास आहे. मध्ये घाटरस्ता लागतो. बालाघाटहून गोंदिया साधारण ४० किलोमीटर, रेल्वेही आहे आणि रस्ताही. गोंदियाहून नागपूर रेल्वेने १३० किलोमीटरच्या आसपास. घरून थेट गाडी करून गेलं तर सगळं मिळून अडीचशे किलोमीटरच्या जवळपास होतं, म्हणजे एका दिवसाचं काम. हाजींच्या कागदपत्रांची कामं आणि मुक्कामासाठी नागपुरात भालदारपुऱ्यात हज हाउस आहे.

*भोपाळ किंवा इंदूर:* राज्य आपलंच, पण अंतर मोठं. मंडला-जबलपूर मार्गे भोपाळ पाचशे किलोमीटरच्या आसपास पडतं आणि इंदूर त्याच्याही पुढे. जबलपूर-भोपाळकडे मुलं किंवा नातेवाईक राहत असतील तर हा मार्ग सोयीचा आहे. नाहीतर वयस्क माणसांना उन्हाळ्यात एवढा प्रवास जड जातो.

*मुंबई:* अंतर सगळ्यात जास्त, पण रेल्वे सरळ आहे. विदर्भ एक्स्प्रेस गोंदियाहूनच सुटते आणि रात्रभर चालून सकाळी मुंबईला पोहोचते. गाडी गोंदियातूनच सुटत असल्याने सामान चढवायला घाई होत नाही. रिझर्वेशन मात्र आधीच करून ठेवावं लागतं.

गोंदियाजवळ बिरसीला विमानतळ आहे आणि रायपूरलाही आहे. पण हजची खास उड्डाणं तिथून होत नाहीत.

जवळचं म्हणजे स्वस्त, असं नाही

हजच्या विमानाचं भाडं प्रत्येक ठिकाणचं वेगळं ठरतं. जिथून हाजी जास्त आणि विमानं मोठी, तिथे भाडं सहसा कमी बसतं. २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरहून (औरंगाबाद) जाणाऱ्यांना मुंबईपेक्षा माणशी सुमारे ८८ हजार रुपये जास्त मोजावे लागले होते. त्यावरून मराठवाड्यात मोठी ओरड झाली. नागपूरचा खर्चही त्या वर्षी मुंबईपेक्षा बराच जास्त होता. नवरा-बायको दोघं जाणार असतील तर ८८ हजारांचा फरक पावणेदोन लाखांच्या वर जातो. त्यापुढे गोंदिया-मुंबई रेल्वेचं तिकीट काहीच नाही.

आधी केंद्र सरकार विमानभाड्यावर सबसिडी देत असे, म्हणून हा फरक एवढा टोचत नव्हता. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ही सबसिडी दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. सरकारने ती २०१८ मध्येच पूर्ण थांबवली. त्याच वर्षी जवळच्या विमानतळाऐवजी स्वस्त पडणारं विमानतळ निवडण्याची मुभा हाजींना देण्यात आली.

म्हणून कागदावर दोन रकाने करा. एकीकडे नागपूर: तिथून लागणारा हजचा एकूण खर्च, घरून गाडीचं भाडं, सोडायला-आणायला येणाऱ्यांचा खर्च. दुसरीकडे मुंबई: तिथला हजचा खर्च, जाण्या-येण्याचं रेल्वे तिकीट, मुंबईतला एक-दोन दिवसांचा मुक्काम. फरक माणशी दहा-पंधरा हजारांचाच निघाला आणि सोबत सत्तरीची आई असेल, तर नागपूरच बरं. फरक पन्नास हजारांच्या वर गेला आणि माणसं धडधाकट असतील, तर मुंबईचा विचार करा. एका कव्हर नंबरमधले सगळे एकाच ठिकाणाहून जातात. त्यामुळे निर्णय सगळ्यांनी बसून घ्यावा. परतीचं विमानही साधारणपणे त्याच ठिकाणी उतरतं, तेव्हा येतानाचा थकवाही हिशेबात धरा.

तिकडे उतरल्यावर

हजची विमानं एकतर मदिनेला उतरतात नाहीतर जेद्दाला. साधारणपणे पहिल्या टप्प्यातली मदिनेला जातात आणि नंतरची जेद्दाला. आपलं विमान कुठे उतरणार हे आधी माहीत असायला हवं, कारण एहराम कधी बांधायचा ते त्यावर ठरतं. जेद्दाला उतरणाऱ्यांना मिकात विमानातच लागतो, म्हणून एहरामची तयारी इथूनच करून निघावं लागतं. मदिनेला आधी जाणारे तिथून मक्केकडे निघताना जुल-हुलैफा इथे एहराम बांधतात.

जेद्दा ते मक्का ८० किलोमीटरच्या आसपास, मक्का ते मदिना सुमारे ४५० किलोमीटर. हज कमिटीच्या हाजींना या प्रवासासाठी बसची सोय असते. २०१८ पासून मक्का-जेद्दा-मदिना हरमैन एक्स्प्रेस ही वेगवान रेल्वेही सुरू आहे. तिचा वेग ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातो आणि मक्का-मदिना अंतर अडीच तासांच्या आत कापलं जातं. उमराहला स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्यांना ती चांगली पडते.

मिना, अरफात आणि मुजदलिफा यांच्यामध्ये २०१० पासून मेट्रो धावते, तीही फक्त हजच्या दिवसांत. सगळ्यांनाच तिचं तिकीट मिळत नाही, बाकीचे बसने जातात. आणि बस असो की मेट्रो, पायी चालणं चुकत नाही. निघायच्या दोन महिने आधीपासून रोज चालायची सवय लावा.

खाजगी टूर आणि व्हिसा

हज कमिटीच्या कुर्ऱ्यात नंबर लागला नाही की लोक खाजगी टूरकडे वळतात. टूरवाल्याकडे त्या वर्षीचा सरकारी कोटा आहे का, हे आधी विचारा. २०२५ मध्ये खाजगी टूरवाल्यांच्या वाट्याला ५२,५०७ जागा होत्या. पण सौदीतल्या सोयींचे करार आणि पैसे वेळेत न झाल्याने बहुतेक जागा हातच्या गेल्या. नंतर सौदीने सुमारे १० हजारांची वाट मोकळी केली. बाकीच्यांचे पैसे भरूनही जाणं झालं नाही.

व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. 'तिकडे गेल्यावर जमवून देऊ' म्हणणाऱ्यावर भरवसा ठेवू नका. परवानगीशिवाय हज करताना सापडल्यास मोठा दंड होतो आणि सौदीत येण्यावर अनेक वर्षांची बंदीही येते. त्याहून मोठा धोका जिवाचा आहे. २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५० अंशांच्या वर गेला आणि १,३०१ जण दगावले. त्यातले ८३ टक्के विनापरवाना होते, असं सौदी सरकारने सांगितलं. परवाना नसलेल्याला ना अधिकृत बस मिळते, ना थंड तंबू.

निघण्याआधी एवढं बघा

• पासपोर्टची मुदत आणि त्यावरचं नाव फॉर्मशी जुळतं का, ते तपासा.
• विमानाच्या तारखेच्या एक-दोन दिवस आधी हज हाउसला पोहोचायचं असतं. बालाघाटहून त्याच दिवशी निघू नका.
• घाटातला प्रवास दिवसा करा. हजच्या तारखा दरवर्षी १०-११ दिवस मागे सरकतात, त्यामुळे पुढची काही वर्षं जाणं भर उन्हाळ्यात येईल. पाणी आणि ओआरएस सोबत ठेवा.
• बीपी-शुगरच्या गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.
• हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांना पाच लिटर जमजम परतीच्या विमानतळावर मिळतं. सामानात भरून आणू नका.
• ४५ वर्षांवरील महिलांना २०१८ पासून मेहरमशिवायही अर्ज करता येतो. त्या वर्षीचे नियम राज्य हज कमिटीकडून समजून घ्या.
• पैसे फक्त अधिकृत खात्यात भरा आणि प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेवा.