जुना ईमेल पत्ता : ठेवावा की सोडावा?

आपल्या बऱ्याच घरांत आजही एखादा याहू, हॉटमेल किंवा रेडिफमेलचा पत्ता असतो. सायबर कॅफेच्या जमान्यात कुणी तो नोकरीच्या अर्जासाठी काढला, तर कुणी आखाती देशात गेलेल्या भावाशी बोलायला. मुलं हसतात, "अब्बा, हे अजून चालतं?" होय, चालतं. पण नीट सांभाळलं तरच.

कोणती सेवा कधीची?

हॉटमेल जुलै १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी सुरू केली. पुढच्याच वर्षी ती मायक्रोसॉफ्टने विकत घेतली. २०१३ मध्ये तिचं रूपांतर आउटलुकमध्ये झालं, तरी हॉटमेलचे जुने पत्ते बंद पडले नाहीत. याहू मेल १९९७ ची. रेडिफ ही मुंबईची कंपनी. जीमेल आलं १ एप्रिल २००४ रोजी, एक जीबी जागा घेऊन. त्या वेळी हॉटमेलवर मोफत जागा मिळायची फक्त २ एमबी! लोक तिकडे वळले ते यामुळेच.

मेल टिकला, मेसेंजर का गेले?

ईमेल कुणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. त्याचे नियम सर्वांसाठी खुले आहेत. म्हणून रेडिफवरून पाठवलेला मेल जीमेलवर पोहोचतो, जसं एका गावच्या पोस्टातलं पत्र दुसऱ्या गावी पोहोचतं. मेसेंजरचं तसं नव्हतं. दोघंही एकाच कंपनीकडे असतील तरच सहसा बोलणं व्हायचं. कंपनीने दुकान बंद केलं की सगळंच बंद.

झालंही तसंच. एओएलचा मेसेंजर डिसेंबर २०१७ मध्ये बंद झाला. १७ जुलै २०१८ ला याहू मेसेंजर गेला, जुन्या गप्पा उतरवून घ्यायला कंपनीने काही महिने दिले होते. आयसीक्यू जून २०२४ मध्ये संपलं आणि स्काइप मे २०२५ मध्ये. आजच्या व्हॉट्सअॅपलाही हाच धडा लागू आहे. त्यातले महत्त्वाचे फोटो आणि कागद दुसरीकडेही ठेवावेत.

खरा धोका कुठे?

जुना पत्ता वापरण्यात धोका नाही, तो विसरण्यात आहे. बँक, विमा, पासपोर्ट, मुलांची शिष्यवृत्ती, हजचा अर्ज, कुठे ना कुठे तोच पत्ता दिलेला असतो. पासवर्ड बदलायची लिंक त्याच पत्त्यावर येते. म्हणजे मेल ज्याच्या हाती, त्याच्या हाती बाकीच्या चाव्या.

वर्षभर लॉगिन केलं नाही तर याहू मेलबॉक्स निष्क्रिय धरतं. गूगल आणि मायक्रोसॉफ्टची मुदत दोन वर्षांची आहे. २०१३ मध्ये याहूने वर्षभर न वापरलेली नावं नव्या लोकांना दिली होती, तेव्हा जुन्या मालकांचे खासगी मेल काही नव्या मालकांकडे गेले. त्याच वर्षीच्या चोरीत याहूच्या सर्व ३ अब्ज खात्यांची माहिती गेली होती, हे कंपनीने २०१७ मध्ये मान्य केलं. तेव्हापासून तोच पासवर्ड असेल तर आजच बदला.

आणखी एक गोष्ट. खातेदाराचा इंतकाल झाला तर याहू त्याचा पासवर्ड किंवा मेल वारसांना देत नाही. वडिलांच्या मेलमध्ये घराचे, जमिनीचे कागद असतील तर ते त्यांच्या हयातीतच उतरवून घ्यावेत.

काय करावं?

१. महिन्यातून एकदा तरी लॉगिन करा.
२. रिकव्हरीसाठी दिलेला मोबाइल नंबर आज चालू आहे का, ते पाहा. बंद झालेला नंबर कंपनी पुढे दुसऱ्याला देऊ शकते.
३. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा.
४. पत्ता कुठे कुठे दिला आहे, त्याची यादी वहीत लिहा. पासवर्ड मात्र व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवू नका.
५. पत्ता बदलायचाच असेल तर आधी बँक आणि सरकारी नोंदी बदला, नातेवाइकांना कळवा. त्यानंतरही किमान वर्षभर जुना पत्ता चालू ठेवा.

जुना पत्ता वापरण्यात लाजण्यासारखं काही नाही. वीस वर्षांपूर्वीचा वर्गमित्र किंवा दुबईतला जुना शेजारी आपल्याला शोधेल तो त्याच पत्त्यावर. फक्त घरात आणखी एका जबाबदार माणसाला हा पत्ता आहे, एवढं तरी ठाऊक असू द्या.